हिऱ्याची चकती: तिची झीज आणि तिचा खर्च

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘पेव्हर ब्लॉक कापण्याची चकती’ असे लिहून दिले. एका गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, “अहो, मजुरांच्या प्रश्नावर बोला ना. चकतीवर काय बोलणार?” त्यांस आम्ही एवढेच म्हणालो की, हाच मजुरांचा प्रश्न आहे. आम्ही इंजिनिअर नव्हे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. ह्या चकतीविषयी आम्हांला जे थोडे समजते ते कारागिरांच्या हाताकडे पाहून, कारखानदारांचे तक्ते पुनःपुन्हा वाचून, आणि एका अपघाताच्या चौकशीत आपल्याला काहीच कळत नाही हे उमगल्यावर लाजेने शिकलेले आहे.

आपण ज्या फुटपाथवरून येथवर चालत आलात त्याच्या कडा जाताना जरा पाहा. मधले ब्लॉक कारखान्यातून जसे आले तसे बसवलेले असतात. परंतु कर्बच्या दगडाशी, गटाराच्या झाकणाशी, विजेच्या खांबाशी, झाडाच्या आळ्याशी पूर्ण ब्लॉक बसत नाही; तेथे तुकडा कापावा लागतो. हा ब्लॉक म्हणजे काही मऊ विटकर नव्हे. २००६ साली पेव्हर ब्लॉकसाठी १५६५८ क्रमांकाचे भारतीय मानक निघाले. त्यात पायी चालण्याच्या जागेपासून अवजड वाहतुकीपर्यंत ५० ते १२० मिलीमीटर जाडीचे, एम ३० ते एम ५५ ताकदीचे ब्लॉक सांगितले होते. चांगला पिकलेला ८० मिलीमीटरचा ब्लॉक छिन्नीने फोडू गेल्यास तो आपल्याला हव्या त्या रेषेत फुटत नाही. म्हणून कारागीर हातात चार इंची कटर घेतो, खडूची रेघ मारतो आणि उकिडवा बसून कापू लागतो. एखाद्या चौकात दिवसाला शंभर-दीडशे काप सहज होतात.

आता ही चकती कापते म्हणजे नेमके काय करते? येथेच पहिला गैरसमज आहे. करवत लाकूड कापते तशी ती कापत नाही, ती घासते. आमच्या लहानपणी गल्लीतून “पाट्याला टाकी” अशी हाक देत एक बाई येत असे. रोज चटणी वाटून वाटून पाटा गुळगुळीत होई. मग कितीही जोर लावा, खोबरे वरवंट्याखालून नुसते सरकत जाई. ती बाई छिन्नी-हातोडीने पाट्यावर बारीक टिंबे पाडी, आणि पाटा पुन्हा वाटू लागे. पाट्याचा दगड तोच, वरवंटा तोच. गेलेला असतो तो खडबडीतपणा. हिऱ्याच्या चकतीचे सारे मर्म ह्या टाकीत आहे. फरक एवढाच की, ह्या चकतीने चालता चालता स्वतःलाच टाकी लावून घ्यावी अशी तिची रचना केलेली असते.

मधे पोलादाची पातळ तबकडी आणि तिच्या परिघावर दात, अशी ही चकती असते. दात म्हणजे धातूच्या भुकटीत हिऱ्याचे कण मिसळून, दाबून, तापवून केलेल्या लहान विटा. कण रव्याच्या दाण्याएवढा, अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. दातात हिरा थोडा आणि धातू फार. आकारमानाने हिरा सहसा शेकडा दहाच्याही आत. हा हिरा खाणीतला नव्हे. स्वीडनमधील आसेआ कंपनीच्या लोकांनी १९५३ साली आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी १९५४ च्या डिसेंबरात कर्बावर प्रचंड दाब व उष्णता देऊन हिरा तयार केला. पहिल्यांनी ती गोष्ट जाहीर केली नाही; दुसऱ्यांनी १९५५ च्या फेब्रुवारीत केली. त्यानंतर हिरा हा राजेलोकांच्या पेटीतून निघून बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांशेजारी येऊन बसला. आज शंभर-दीडशे रुपयांपासून तीन-चारशेपर्यंत चार इंची चकती मिळते. बायकोला हिऱ्याची कुडी करण्याची ऐपत नसलेला माणूस दिवसभर हातात हिरे घेऊन बसतो, असा विनोद आमच्यातील कारागीर करतात.

दातातील हिऱ्याला धरून ठेवणाऱ्या धातूला कारखानदार ‘बाँड’ म्हणतात. कोबाल्ट, लोखंड, तांबे, कासे ह्यांची निरनिराळी मिश्रणे त्यात असतात. चकती फिरू लागली की वरचे हिरे काँक्रीट ओरखडतात. काम करता करता त्यांच्या कडा मोडतात, बोथटतात. तोवर काँक्रीटच्याच भुकटीने सभोवतालचा धातू झिजत आलेला असतो. बोथट हिरा गळून पडतो आणि खालचा ताजा हिरा डोके वर काढतो. हीच ती टाकी. याचा अर्थ असा की, चकतीची झीज हा तिचा दोष नसून तो तिचा धर्म आहे. जी चकती झिजत नाही ती कापतही नाही. ‘ब्लेड जपून वापरा, झिजवू नका’ असे कामावर बजावणारा साहेब हे विसरतो.

ह्यातूनच एक उफराटा वाटणारा नियम निघतो. कठीण माल कापायचा तर बाँड मऊ हवा, आणि भुसभुशीत पण खरखरीत माल कापायचा तर बाँड कठीण हवा. प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला वाटले की सांगणाऱ्याची गफलत झाली आहे. परंतु विचार केला म्हणजे उलगडते. दाट, कठीण दगडाची भुकटी बारीक असते आणि ती धातूला फारशी झिजवत नाही. तेव्हा धातू स्वतःच मऊ असला पाहिजे, नाहीतर बोथट हिरे गळणार नाहीत व चकती गुळगुळीत होऊन बसेल. उलट कच्चे काँक्रीट, वाळूचा दगड, डांबरी रस्ता ह्यांची भुकटी कानसीसारखी खरखरीत असते. तेथे मऊ बाँड लावला तर हिरा अर्धेमुर्धेही काम न करता गळून जातो आणि चकती दोन दिवसांत संपते.

महाराष्ट्रात ह्या नियमाला एक स्थानिक अर्थ आहे. पुणे, नाशिक, सातारा ह्या बाजूंना ब्लॉकात जी खडी पडते ती आपल्या काळ्या दगडाची. आणि नदीची वाळू महाग व दुर्मिळ झाल्यापासून त्याच दगडाची क्रश सँडही पडते. विदर्भात कन्हान आणि वैनगंगेची वाळू प्रसिद्ध आहे; ती गारेची. गार म्हणजे गारगोटीचाच प्रकार, पोलादालाही ओरखडा काढणारी. तेव्हा पुण्यात ज्या कारागिराचा हात एका चकतीवर बसला, तो नागपूरकडच्या कामावर गेला आणि तीच चकती तिथे लवकर उतरली, तर त्याने ती उधळली असे समजू नये. वाळू बदलली आहे.

वाळूइतकीच ब्लॉकच्या वयाची गोष्ट आहे. मुदत गाठायची म्हणून पुरते पाणी न मारलेले, साच्यातून निघून चार दिवस न झालेले ब्लॉक ट्रकमधून उतरवले जातात. त्यांतली वाळू सिमेंटने अजून घट्ट धरलेली नसते. कापताना ती सुटी होते आणि चकतीचे दात खाते. ब्लॉक हाताला मऊ लागतो, कापही भराभर जातो, कारागीर खुशीत असतो. आणि संध्याकाळी पाहतो तो दात निम्मे. वाचवले ब्लॉकवाल्याने, खर्च झाला चकतीचा, आणि पुष्कळ ठिकाणी तो वळता झाला मजुराच्या हजेरीतून. अशी ही साखळी आहे.

तर चकती कधी बदलावी? दात संपले म्हणजे, असे उत्तर सगळेच देतात आणि ते अपुरे आहे. चकती निरनिराळ्या प्रकारांनी मरते, आणि प्रत्येक मरणाचे कारण वेगळे असते. मशीनची पिन काढून, चकती उतरवून, उन्हात धरून पाहिली तर ती बहुतेक सगळे सांगते.

प्रथम दाताच्या माथ्यावरून नख फिरवावे. निरोगी चकतीवर खरखर लागते. भिंगातून पाहिले तर प्रत्येक हिऱ्यामागे धातूची लहानशी शेपटी दिसते, धूमकेतूला असते तशी. हिऱ्याच्या आडोशाला राहिलेला तो धातू असतो. ह्या शेपटीवरून चकती कोणत्या दिशेने फिरत होती हेही कळते. म्हणूनच चकतीवर बाण छापलेला असतो आणि उतरवून पुन्हा चढवताना ती उलटी लावू नये. उलटी लावली की आधार नसलेल्या बाजूने मार बसून चांगले हिरे उखडतात.

माथा काचेसारखा चकाकत असेल आणि नखाला काहीच लागत नसेल, तर दात कितीही उंच असोत, ती चकती कापत नाही. परंतु ती मेलेलीही नाही. तिला टाकी हवी. साधी भाजलेली वीट, वाळूचा दगड किंवा हलका सिमेंटचा ठोकळा घेऊन त्यात आठ-दहा उथळ काप मारले की वरचा धातू खरवडला जातो आणि हिरे उघडे पडतात. पाण्याची सोय असेल तर पाणी सोडूनच हे करावे. वारंवार असे करावे लागत असेल तर त्या कामाला ती चकती चुकीची आहे, बाँड फार कठीण आहे, असे समजून दुकान किंवा प्रकार बदलावा. येथे नवखा माणूस काय करतो, तर जोर लावतो. जोराने हिरा उघडा पडत नाही. चकती तापते, तबकडीवर निळसर झाक येते, पोलादाचा ताण जातो आणि ती थाळीसारखी लचकू लागते. लचकणारी चकती कापात अडकते, आणि अडकली की मशीन उसळून माणसाच्या अंगावर येते. निळी पडलेली, लचकणारी चकती दात शिल्लक असले तरी टाकून द्यावी. तिला औषध नाही.

दुसरी खूण दाताच्या बाजूंची. नव्या चकतीचे दात तबकडीहून किंचित जाड असतात, म्हणजे काप रुंद पडतो आणि तबकडी मोकळी फिरते. हात तिरका धरण्याच्या सवयीने किंवा बेअरिंग सैल झाल्याने दाताच्या बाजू झिजतात. दात आणि तबकडी एका पातळीत आली की तबकडीच काँक्रीटला घासू लागते. उंची पुरेशी दिसते म्हणून ही चकती फसवते.

तिसरी गोष्ट उंचीचीच, पण ती फार थोड्यांस ठाऊक असते. लेझरने जोडलेल्या दातांत तबकडीलगतचा दीड-दोन मिलीमीटरचा थर बहुधा बिनहिऱ्याचा ठेवतात, कारण हिऱ्यासकट जोड नीट लागत नाही. कारागीर तो थर पाहून म्हणतो, “अजून आहे की थोडं.” तेथे हिरा नाहीच. त्या थरावर चालवणे म्हणजे लोखंडाने दगड घासणे होय.

उंची कमी होण्याचा आणखी एक हिशेब आहे. चार इंची म्हणतात ती चकती खरी ११० मिलीमीटर व्यासाची. मधला वॉशर आणि मशीनचा पाया जाता नवी असताना ती सुमारे ३४ मिलीमीटर खोल जाते. ६० मिलीमीटरचा ब्लॉक दोन्ही बाजूंनी कापला की ३४ आणि ३४ मिळून आरपार होतो. दात सात मिलीमीटरने उतरले की खोली २७ वर येते. दोन्ही बाजू मिळून ५४. मधे सहा मिलीमीटरचा पापुद्रा उरतो, तो हातोडीने तोडावा लागतो आणि कड खडबडीत निघते. पुढे इंजिनिअर येऊन म्हणतो, “तुकडे नीट कापलेले नाहीत.” ८० मिलीमीटरच्या ब्लॉकला तर नवी चार इंची चकतीही पुरत नाही, तेथे मोठे मशीन द्यायला हवे, आणि ते न देता मजुराला नावे ठेवणे हा शुद्ध अन्याय आहे.

चौथी खूण सर्वांत भयंकर, म्हणून ती आम्ही प्रसंगानेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या कामावर आमचा एक विशीतला सभासद ब्लॉक कापत होता. चकतीचा एक दात निसटला आणि त्याच्या गालफडात घुसला. डोळा बोटभर अंतराने वाचला. ठेकेदाराचे म्हणणे एका वाक्याचे होते: मुलाने मशीन वाकडे धरले, निष्काळजीपणा केला. बैठकीत आम्ही गरिबी, महागाई, माणुसकी ह्यांवर पुष्कळ बोललो. मग ठेकेदाराच्या माणसाने ती चकती टेबलावर ठेवली आणि विचारले, “साहेब, ह्यात वाकडं धरल्याशिवाय दात निघेल का, सांगा.” आम्हांला सांगता आले नाही. आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची आठवण अजून होते.

ती चकती आम्ही मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या फरशीवाल्याकडे गेलो. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, दाताच्या खालच्या पोलादावर अंगठा फिरवला आणि आमच्या हातात दिली. “बघा भाऊ, मान कापलीय.” खरोखरच, दात जिथे तबकडीला जोडलेला असतो तिथे पोलाद दोन्ही बाजूंनी खाल्ले जाऊन सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले होते. राहिलेल्या सर्व दातांखाली तसेच होते. “हे वाकडं धरून होत नाही. वाळूत कापलंय हे.”

त्यांनी समजावले ते असे. ब्लॉक बारीक वाळूच्या थरावर बसवतात. घाई असली म्हणजे कापायचा ब्लॉक उचलून घोड्यावर न घेता तो बसवलेल्या जागीच कापतात. चकती ब्लॉकच्या खाली उतरली की सुट्या वाळूत फिरू लागते. दाताला हिऱ्याचे चिलखत आहे. त्याखालच्या पोलादाला नाही. वाळू त्या मानेभोवती भोवऱ्यासारखी घुमते आणि ती कापत जाते. वरून दात धडधाकट दिसतो, खाली मान पातळ होते, आणि मग एक साधा हिसका पुरतो. ११० मिलीमीटरची चकती मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर तिच्या कडेचा वेग मिनिटाला चार किलोमीटरांहून अधिक, म्हणजे तासाला अडीचशे किलोमीटरांच्या घरात जातो. निसटलेला दात त्याच वेगाने निघतो.

मग प्रश्न उरला की, जागेवरच कापा असे कोणी सांगितले? ते मुकादमाने सांगितले होते, कारण दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते. दुसऱ्या बैठकीत आम्ही भाषण केले नाही. चकती टेबलावर ठेवली, सगळ्या दातांच्या माना दाखवल्या, आणि उद्घाटनाची तारीख विचारली. मुलाच्या दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली हजेरी मिळाली. तेव्हापासून कोणत्याही अपघातात पहिली गोष्ट म्हणजे चकती ताब्यात घेणे, हे आम्ही कार्यकर्त्यांस शिकवतो.

दात निसटण्याला आणखीही एक कारण असते. काही चकत्यांचे दात चांदीमिश्रित झाळाने जोडलेले असतात. त्या पाण्यातच वापरायच्या. कोरड्या वापरल्या तर झाळ उष्णतेने सैल होतो. लेझरने जोडलेल्या काही चकत्या कोरड्या चालतात. चकतीवर आणि वेष्टनावर हे लिहिलेले असते, पण बारीक इंग्रजीत.

कोरडी चालते म्हणजे कोरडी चालवावी असे मात्र नव्हे, कारण कोरड्या कापाची धूळ चकतीला बाधत नाही ती माणसाला बाधते. वाळू आणि खडीतील गारेचा अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि तेथे व्रण करून राहतो. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्याला औषध नाही, आणि त्याच्या पाठोपाठ क्षय येण्याचा धोका वाढतो. आपल्या काळ्या दगडात मोकळी गार कमी असते हे खरे, परंतु ब्लॉकात दगडाखेरीज काय काय पडले आहे हे कापणाऱ्याला कोण सांगतो? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये १९३०-३१ साली हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून बोगदा काढताना गारेच्या खडकात कोरडी भोके पाडली. शेकडो मजूर ह्या रोगाने मेले. त्याच अमेरिकेने २०१६ साली बांधकामासाठी नियम केला की, आठ तासांच्या पाळीत हवेच्या घनमीटरामागे अशी धूळ सरासरीने ५० मायक्रोग्रॅमच्या वर नसावी, आणि हातातल्या कटरला चकतीवर सतत पाणी सोडण्याची जोड असावी. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एका बारीक कणाचे वजन. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातला होता, परंतु फुटपाथ हा कारखाना नव्हे.

बोथट चकतीचा आणि धुळीचा संबंध सरळ आहे. ताजी चकती ज्या कापाला एक मिनिट घेते त्याला बोथट चकती दोन-तीन मिनिटे घेते, आणि तेवढा वेळ माणसाचे तोंड कापावर वाकलेले असते. पाणी द्यायचे तर पाच लिटरची फवारणीची टाकी आणि एक नळी एवढ्यावर भागते. पण विजेच्या मशीनवर पाणी सोडताना तीस मिलीअँपिअरला तुटणारा ई.एल.सी.बी. बोर्डावर असलाच पाहिजे आणि मशीनही पाण्यासाठी केलेले हवे. धुळीपासून वाचवायला जाऊन माणूस शॉकने गमावू नये. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, हेही येथेच सांगतो.

आता आमच्या चुकीकडे येतो. चकतीचा खर्च मजुराच्या हजेरीतून कापतात ह्याविरुद्ध आम्ही एका ठिकाणी लढा दिला आणि जिंकलो. ठरले असे की, प्रत्येक कापणाऱ्यास महिन्याला ठराविक ‘चकती भत्ता’ रोख द्यायचा. आम्ही पेढे वाटले. तीन-चार महिन्यांनी त्या कामावर गेलो तर कापणाऱ्यांच्या हातात पूर्वीपेक्षाही वाईट चकत्या. दात तबकडीला टेकलेले, एकाचे तर दोन दात नाहीत आणि तो तशीच चालवतो आहे. आम्ही रागावलो. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, ब्लेड वाचवलं तर पैसे घरी जातात. पोरीच्या शाळेचं त्यातनंच भागतं.”

त्याचे चुकले नव्हते. हिशेब आमचा चुकला होता. पूर्वी ठेकेदार बोथट चकतीवर पैसे वाचवीत असे. आम्ही तीच सोय मजुराला करून दिली, आणि धोका मात्र त्याच्याच गालाशी व फुप्फुसाशी ठेवला. आमच्या समितीत ह्यावर मोठा वाद झाला. मिळालेला भत्ता सोडायचा म्हणजे सभासदांसमोर तोंड कसे दाखवायचे, असे काहीजण म्हणाले, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. शेवटी भत्त्याची रक्कम मूळ हजेरीत मिळवून घेतली आणि चकती वस्तुरूपाने मागितली. ह्या बदलाला सात महिने लागले, आणि ते पटवण्यात ठेकेदारापेक्षा आमची माणसेच कठीण गेली.

आता आम्ही करारात मागतो ते असे. चकती मालकाने द्यायची. जुनी आणून दिली की नवी मिळते, आणि कितवी आहे हे कोणी विचारायचे नाही. बदलायची वेळ झाली हे कापणाऱ्याने ठरवायचे. त्याच्या शब्दावर मशीन थांबते, आणि नवी येईपर्यंतची हजेरी चालू राहते. बसवलेल्या जागी वाळूत काप मारायचा नाही. ब्लॉक उचलून घोड्यावर किंवा फळीवर कापायचा. दर मशीनला पाणी आणि ई.एल.सी.बी. हवा. जुन्या चकत्यांवर तारीख व ब्लॉकच्या गाडीचा क्रमांक रंगाने लिहून त्या महिनाभर ठेवायच्या. हे शेवटचे कलम सर्वांना विचित्र वाटते. परंतु एका कामावर ह्या जुन्या चकत्या ओळीने मांडल्या तेव्हा एका आठवड्यातल्या सगळ्याच, निरनिराळ्या माणसांच्या हातच्या, अतोनात झिजलेल्या दिसल्या. आणि त्या आठवड्यात आलेले ब्लॉक अर्धे कच्चे निघाले. ठेकेदाराने त्या गाड्या परत पाठवल्या. चकत्या सांभाळण्यात त्याचाही फायदा आहे हे त्याला त्या दिवशी कळले, आणि पुढच्या करारात ते कलम त्याने स्वतःहून ठेवले.

मोठ्या, चौदा इंची मशीनवर हेच सर्व लागू आहे, फक्त तेथे चकतीवर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा मशीनच्या फेऱ्यांहून अधिक आहे ना, हे चढवण्यापूर्वी पाहावे. भोक सैल असेल तर पत्र्याची चिप घालून ते भरू नये. योग्य मापाची कडी मिळते, ती घालावी. भोक सैल राहिले की चकती अंडाकृती झिजते, एका बाजूचे दात संपतात आणि दुसऱ्या बाजूचे तसेच राहतात. अशी एक चकती, गालात दात घुसला ती, आणि नख फिरवून पाहण्याजोगी एक नवी, अशा तीन आम्ही बरोबर आणल्या आहेत. व्याख्यानानंतर त्या टेबलावर ठेवू. ज्यांस पाहायच्या आहेत त्यांनी पुढे यावे. नव्या चकतीची कड मात्र जपून हाताळावी.